तिला विमानतळावर सोडण्याआधी

आई, इथे आखातात, हमरियातल्या आपल्या जुन्या घराखालून हल्ली गेले, की मान आपोआप वर जाते. खिडकीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत असतात, तरी तुझ्या फोडणीचा वास येतो, निदान मला येतो. मग मी पुन्हा आत असते. बाबा सोहारच्या कामावरून यायचे आहेत, तू पोळ्या लाटते आहेस आणि ओट्याला टेकून मी सांगते आहे, की मला लग्न करायचंय, तिच्याशी. तू लाटणं थांबवत नाहीस. "लग्न म्हणजे भाड्याचं घर वाटलं का, दोघी मैत्रिणींनी मिळून घ्यायला?" तव्यावरची पोळी करपते. तुझी पोळी करपलेली मी तेवढी एकदाच पाहिली. संध्याकाळी ती आली तेव्हा मात्र तू तिला जेवल्याशिवाय सोडलं नाहीस, आणि निघताना तिच्या हातात मेतकुटाची बरणी दिलीस. "हिला स्वतःपुरतं करून खायचाही कंटाळा. तू बघ जरा," म्हणालीस. तो रुकार होता की नुसतंच मेतकूट, हे विचारायचं राहून गेलं. त्याच वर्षी तू गेलीस.

तेव्हापासून आम्ही एका घरात राहतो, मावसबहिणी म्हणून. तुला बहीणच नव्हती, पण शेजाऱ्यांना काय ठाऊक. भारतात लग्नाच्या हक्काची केस लागली, तेव्हा निकालाच्या दिवशी आम्ही दार लावून, फोनचा आवाज बारीक करून ऐकत बसलो होतो. कोर्ट नाही म्हणालं. ती चहा टाकायला उठली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून आलीच नाही.

आता तिची नोकरी सुटली, म्हणजे व्हिसाही संपला. माझ्या व्हिसावर तिला ठेवता येईल का, म्हणून ऑफिसात विचारलं. कागदपत्रं बघणारा माणूस चांगला आहे. म्हणाला, "मॅडम, कझिन का नहीं होता. हज्बंड है तो बोलो, ट्राय करेंगे, इन्शाल्ला." मी हसून बाहेर आले आणि गाडीत बसून रडले. मला फार राग येतो, आई. एवढ्या वर्षांचा संसार, आणि पाहुणीला द्यावा तसा तिला निरोप द्यायचा. ती म्हणते, "तिकडे निदान हक्क मोठ्यानं मागता तरी येईल. मी मागायला लागते, तू ये मागून." तिकडे घेतलेल्या घराचं कर्ज फिटेपर्यंत मला इथून हलता येत नाही, हे तिला माहीत आहे.

दुपारचं विमान आहे. आत ती बॅग भरते आहे, तोवर हे लिहिते आहे. पाठवायचा प्रश्नच नाही. सकाळी तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, तांदूळ, नारळ आणि खण तिच्या ओढणीत घातला. ती आधी हसत होती, मग तिनं ओढणीची गाठ घट्ट मारून घेतली. ओटी सवाष्णीनंच भरायची असते, आणि कुणाला बोलवायची सोय नव्हती. मीच भरली, आई. सवाष्ण आहे म्हणून भरली.