रामटंक्याची अंघोळ

येलहंका, बेंगळुरू
१० मार्च २०२५

ती. अक्कास,
कृष्णाजीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं, आणि हे मोठ्यानं बोलण्यासारखं नाही.

आपला देवघरातला रामटंका यंदा माझ्या पाळीला आहे. शेजारी चोरी झाली तेव्हापासून मला धास्ती होती. जुनं चांदीचं नाणं, त्यावर राम-सीता, कुणाचाही डोळा जाईल. इथल्या शिवाजीनगरच्या एका नाणीवाल्यानं सुचवलं, की खरेपणा तपासून, दर्जा ठरवून, हवाबंद डबीत सील करून घ्या. मी दिला. महिन्यानं डबी आली. आपल्या धाकट्या दत्तानं तर कौतुकानं फोटो सगळ्यांना पाठवला.

पण अक्का, डबीतला राम मला ओळखू येत नाही. आपला काळपट, गंधानं भरलेला. हा पुसून लख्ख केलेला. चिठ्ठीवर लिहिलंय, अस्सल आहे, पण फार घासल्यामुळे दर्जा कमी. बदलला तर नसेल? डबी फोडून पाहावं, तर सील तुटल्यावर कुठलीही तक्रार ऐकणार नाही असं त्यानं बजावलंय. रोज घातलेलं पाणी प्लॅस्टिकवरून ओघळून जातं, देवाला लागतच नाही. रामनवमीला पाळी दत्ताकडे जाईल. त्याच्या हातात मी काय देणार आहे?

तुझ्या भावजयीला, शिवलीलेला, अजून बोललो नाही. तुझी माया असू दे.

तुझा,
कृष्णाजी

निपाणी
१७ मार्च

चि. कृष्णाजीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. आपल्या आजी-पणजीनं घातलेल्या अंघोळीला त्या लोकांनी कमी मार्क दिले, याचं आधी हसू आलं, मग तुझी काळजी वाटली. देवाला कोंडून त्याच्यावर पाणी ओतणारा आपल्या घरात तूच पहिला!

अरे, गंधाखालचा राम आपण डोळ्यांनी पाहिलाय कधी? लग्नाआधी मीच त्याला अंघोळ घालायची. सीतेच्या गुडघ्यापाशी अंगठा बसेल असा खळगा पडलाय. तो हातालाच कळतो. डबी फोड. दुसराच निघाला तर दत्ताला सांग, अक्कानं फोडायला लावली. भीती मलाही वाटतेय. दोघं मिळून भिऊ. आणि शिवलीलेला सांग बाबा, तिला कळलं असणारच.

सुखरूप राहा, लगेच कळव.

तुझी,
चंद्राअक्का

येलहंका
३० मार्च, पाडवा

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बुधवारी सोवळं नेसून पक्कड घेऊन बसलो. शिवलीलेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनंच डबी घट्ट धरली. नाणं ताम्हनात पडलं, मी पाण्यात हात घातला, आणि अंगठा आपणहून जाऊन बसला. आपलाच, अक्का. मी लहान पोरासारखा रडलो.

आज दत्ता कोरमंगल्याहून जेवायला आला. देवघरात जाऊन त्यानं डबी कुठे म्हणून विचारलं. फोडली म्हटल्यावर वाकून नाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, अण्णा, सील तोडण्यासारखं काय झालं होतं? नाण्याचं स्वल्प इकडंतिकडं तर नाही ना काही? हसत विचारलं, पण उत्तराची वाट बघत राहिला. खळग्याचं सांगितलं. पण त्याच्या पाळीला पूजा त्याची बायको नीलिमाच करते. त्याचा अंगठा त्या नाण्याला कधी लागलेलाच नाही. त्याला कसं कळावं? मी ताम्हन नि तांब्या त्याच्यापुढे सरकवला, आज तूच अंघोळ घाल म्हटलं, आणि पायरीवर येऊन हे लिहितोय.

इतके दिवस देवाची भीती वाटत होती, आता भावाची वाटते. आम्हा दोघांवरची माया सारखी ठेव.

आतून अजून पाण्याचा आवाज नाही.

तुझा,
कृष्णाजी