बर्फाचे दोन ट्रे

पनवेल, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय फहमिदास मुबारकभाईचा सलाम, वि. वि.

ही मेल लिहिण्यास कारण एक घोर अन्याय. माझ्या घरात, माझ्या फ्रिजमध्ये, माझ्या कोकम सरबताला दोन दिवस बर्फ नाही. पन्नाशीच्या माणसाने दुकान बंद करून घरी यावं, ग्लास पुढे करावा आणि दोन्ही ट्रे कोरडे! तपासाअंती चोर सापडला : तुझी लेक जास्मीन. गुडघ्याला लावते म्हणे.

तिचा तरी काय दोष? गुडघे दोन आणि मालकही दोन. शाळेचे प्रणित सर म्हणतात, बाहेर खेळलीस तर शाळेच्या फुटबॉल संघातून नाव कापीन. मोहल्ल्याच्या लीगचा नावेद म्हणतो, रविवारी ती नसली तर आम्ही मैदानात नुसती हवा खायला जातो. म्हणून मी तोडगा काढला. लीगमध्ये ती माझ्या लेकीच्या, शाजियाच्या नावाने खेळते. फॉर्म मीच भरला. चेंडू गोल असतो याहून जास्त शाजियाला ठाऊक नाही, त्यामुळे तिची हरकतही नाही. तुला आजवर कळवलं नव्हतं, आता कळवलं.

मंगळवारी शाळेकडून खेळताना खारघरच्या संघावर हिने डोक्याने गोल केला. त्यांची गोलकीपर हिच्या अंगावर कोसळली, तरी चेंडू जाळ्यातच! तेव्हापासून बाईसाहेबांचे नखरे बघावेत. खोलीत दिवा नको, जेवताना डोळ्यांवर ओढलेली टोपी. उद्या सुट्टी आहे का, हे काल तीनदा विचारलं. चौदाव्या वर्षी म्हातारी झाली पोरगी.

माया आहेच तुझी. तिच्यासोबत थोडा बर्फही पाठव.

तुझा भाई, मुबारक

मस्कत, ९ फेब्रुवारी, सकाळ

मुबारकभाईस फहमिदाचा आदाब, वि. वि.

सलग ड्युटीमुळे तुझी मेल आत्ता उघडली. पहिल्यांदा वाचून हसले. दुसऱ्यांदा वाचली आणि लगेच तुम्हा दोघांना फोन लावले.

भाई, तो बर्फ गुडघ्याला नाही, डोक्याला लावतेय ती. उजेड सोसत नाही, तेच तेच विचारते, हे नखरे नाहीत. मेंदूला मार बसलाय. तो बरा व्हायच्या आत दुसरा मार बसला तर काय होतं ते मी वॉर्डात एकदा पाहिलंय. पुढचं लिहीत नाही.

आज रविवार आहे. तिला मैदानात जाऊ देऊ नकोस. तिचा फोन बंद, तुझा तर नेहमीसारखा दुकानाच्या गल्ल्यात असणार. वाचशील तसा ऊठ. चप्पलही शोधू नकोस.

रागावले नाहीये, भ्यायलेय. सांभाळ तिला.

फहमिदा

पनवेल, ९ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय फहमिदास सलाम, वि. वि.

फोनवर बोललो ते अर्धवटच होतं. समोर तुझा आवाज असला की माझी जीभ लुळी पडते. उरलेलं लिहितो.

तुझी मेल दुकानाच्या कॉम्प्युटरवर सव्वानऊला वाचली. सामना नऊचा. अनवाणीच पळालो. कडेला उभा राहून जास्मीन, जास्मीन म्हणून ओरडलो. तिने मान वळवली नाही. कशी वळवेल? मीच पढवलं होतं : या मैदानात कोणी जास्मीन म्हटलं तर वळायचं नाही.

नावेद धावत आला आणि कानाशी लागला, की मामू, ते नाव नको, पंच ऐकतोय, संघ बाद होईल. आणि फहमिदा, मी आवाज खाली आणला. किती वेळ, ते नक्की सांगता येत नाही. तेवढ्यात कॉर्नर आला, ती उडाली, दुसऱ्या पोरीचा खांदा लागला आणि ती खाली पडली. हात टेकायचंही तिला सुचलं नाही.

सगळे घोळका करून बघत राहिले. फाटकाशी मासे विकणारी चंद्रावती तेवढी आत धावली. खोक्यातला सगळा बर्फ तिने आपल्या पंच्यात बांधून आणला होता. मला म्हणाली, रडू नको, मान धर, नाय तर बाजूला हो. मी मान धरली.

दवाखान्यात कागदावर सवयीने शाजिया लिहिलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी मार? शाजियाला कुठला मार! नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तुझी मेल आठवली. नाव खोडलं, मंगळवारचं सगळं सांगितलं.

मग त्यांनी तिला तिचं नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. तेव्हा तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, मामू, इथे कुठलं सांगायचं?

स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. उद्यापर्यंत ठेवून घेतलंय.

जमलं तर माफ कर.

मुबारक

पनवेल, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय फहमिदास सलाम, वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या. दोन-तीन अजून चालल्या असत्या.

जास्मीन घरी आहे, टोपी काढून जेवते. रोज सकाळी मी नाव विचारतो, ती माझ्याकडे न बघता सांगते. मला बरं वाटतं. डॉक्टर सांगतील तोवर चेंडूला पाय नाही.

मी शाळेत जाऊन सगळं कबूल केलं. प्रणित सरांनी यंदापुरतं तिचं नाव कापलं. लीगने नावेदच्या संघाचे सामने रद्द केले. मात्र काल सर आणि नावेद पहिल्यांदाच माझ्या दुकानात एका बाकावर बसले. सरांनी मान खाली घालून म्हटलं, पोरीला शाळेतला मार लीगमध्ये सांगता आला नाही तो माझ्याच नियमाच्या भीतीने. पुढच्या वर्षी दोन्हीकडे खेळू देतो म्हणाले, पण एकीकडे लागलं की दुसरीकडे त्याच दिवशी कळवायचं. नावेदने लगेच त्यांचा नंबर घेतला.

आता घरात बर्फ कोणी चोरत नाही. ट्रे काठोकाठ भरलेले असतात. मला सरबत नको वाटतं.

आज सकाळी दोन्ही ट्रे पिशवीत उलटे केले, बाजारातून बर्फाची आणखी एक लादी घेतली आणि फाटकाशी गेलो. चंद्रावती गिऱ्हाइकाशी भांडत होती. तिच्या खोक्यातल्या सुरमईवर बर्फ पसरला, तिचा धुतलेला पंचा घडी करून बाजूला ठेवला आणि निघून आलो.

तुझा भाई, मुबारक