दोन किलो वाढले, पण कशाचे?

युलानताई,

मी सहाच्या बसने नान्निंगला जातेय, ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना भेटायला. पेज झाकून ठेवलीय.

एक कबूल करते, मग हवं तेवढं बोला. थर्मासमधलं मशरूमचं पाणी म्हणजे कोंबडीचा रस्सा होता. दहा दिवस तुमच्या भावाला तोच पाजतेय. तुम्ही म्हणता, कोंबडी खाल्ली की यकृतातला कॅन्सर पुन्हा चाळवतो. डॉक्टर म्हणतात, अंडी, मासे, कोंबडी पोटात गेली नाही तर गाठ काढूनही हा माणूस अशक्तपणानेच जाईल. मी ऐकायचं तरी कुणाचं?

काल दोन किलो वजन वाढलेलं दिसलं. तुम्हाला वाटलं पेज लागू पडली, मला वाटलं रस्सा. पण आज मोजे चढवताना त्याच्या पायावर माझा अंगठा दाबला गेला, तो खड्डा भरूनच येईना. हे मांस चढलंय की पाणी? आणि कुणामुळे? डोकं चालेनासं झालंय.

त्याला यातलं काही सांगू नका. पट्टा एक भोक सैल करावा लागला, म्हणून तो कालपासून सगळ्यांना पोट दाखवत फिरतोय. आज दाखवेल तेव्हा तुम्ही हसा. मला जमलं नाही.

सूफेन