सहावं पिल्लू

गुरुवार, संध्याकाळ. कोथरूड

आमच्या सहा किलोच्या सशिणीला, राणीला, पहाटे सहा पिल्लं झाली. स्वतःच्या छातीचे केस उपटून तिने त्यांना पांघरलेत, पण दिवसभर जवळ फिरकली नाही. आई अशी असते का? चिडून डॉक्टरांना फोन केला.

"अहो, ससे दिवसातून एक-दोनदाच पाजतात. पिल्लांची पोटं बघा."

पाच पोटं टम्म होती. सहावं चपटं.

माझ्या लेकीने, इराने, राणीला धरलं आणि मी ते पिल्लू तिच्या पोटाशी लावलं. दोनदा लाथ बसली. तिसऱ्यांदा ते चोखू लागलं. किती प्यायलं, कळलं नाही. पोट अजून चपटंच वाटतंय.

"आई, जगेल ना?"

मी "हो" म्हणाले. का म्हणाले? तेव्हापासून ती त्याच्यासाठी नाव शोधत बसली आहे.