आत्याच्या वतीने

कल्याण, माघ शुद्ध ६, शके १८०८

तीर्थरूप दादांचे चरणी बालक श्रीपादाचा सा. न. वि. वि.

वहिनींचा खोकला उतरल्याचे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे मी खुशाल. मुलींच्या शाळेत दुसरे वर्ष सरत आले, पण नोकरी अजून हंगामीच. पटावर एकवीस मुली, येतात चौदा.

कित्ता गिरवून मुली कंटाळल्या होत्या, म्हणून मी नवाच खेळ काढला आहे. काल घरी जे पाहिले ते आपल्या शब्दांत लिहायचे. पहिल्या दिवशी बाराजणींनी गाय दूध देते एवढेच लिहिले! मग मी सांगितले की दुसऱ्याच्या मनात शिरून लिहा. एकीने खुराड्यातली कोंबडी होऊन लिहिले, एकीने दात पडलेली आजी होऊन. हसून हसून पुरेवाट झाली.

पण भाऊसाहेबांच्या गोदूने कमाल केली. भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळाकमिटीतले मोठे प्रस्थ. पोर नऊ वर्षांची. तिचा कागद उतरवून पाठवतो:

“माझी उत्तराआत्या सोवळी आहे, तिचे यजमान वारले. ती वीस वर्षांची आहे. बाबांची ती सावत्र बहीण. मी शाळेतून आले की ती कोठीच्या खोलीत मला विचारते, आज कोणते अक्षर. मी राख पसरून त्यात काढून दाखवते. आता तिला सगळी येतात. तिचे अक्षर माझ्यासारखेच आहे. तिने पनवेलच्या तिच्या मामांना पत्र लिहिले की मला येथून न्या, पुण्यास शिकायला ठेवा. मी ते टपालात टाकले. उत्तर आले तेही मीच घेतले. होळी झाल्यावर मामा गाडी घेऊन येणार आहेत. हे कोणाला बोलायचे नाही असे आत्याने सांगितले आहे. म्हणून मी बोलत नाही, लिहिते.”

यात खरे किती आणि रचलेले किती, देव जाणे. पुढल्या महिन्यात डिपुटीसाहेब परीक्षेस येतील, तेव्हा हेच वाचून दाखवावे म्हणतो. आपल्याला कसे वाटते ते कळवावे. लेकरावर माया आहेच, ती राहू द्यावी.

आपला श्रीपाद

ठाणे, माघ शुद्ध ११

चि. श्रीपादास त्र्यंबकाचे अ. आ.

तुझी पत्रे इतकी लांब की वाचून होईतो तुझ्या वहिनीचे तांदूळ निवडून होतात. तिची प्रकृती ठीक. तू मात्र वाळलास असे तिकडून आलेले लोक सांगतात. जेवणाची हेळसांड करू नकोस.

आता मुद्द्याचे. त्या कागदात रचलेले एक अक्षर नाही, हे तुलाही ठाऊक आहे. भाऊसाहेबांना मी आमच्या कचेरीत पाहिले आहे. चारचौघांत हसतात आणि हसणे घरी नेत नाहीत. तो कागद आजच्या आज चुलीत घाल. पोरीला जवळ बोलावून नीट समजाव की काही गोष्टी लिहायच्याही नसतात. डिपुटीपुढे दुसरे काहीही वाच. कोंबडीचे वाच. तसे केल्याचे दोन ओळींनी कळव, म्हणजे मला झोप लागेल.

तुझे बरे चिंतणारा,
त्र्यंबक

कल्याण, फाल्गुन शुद्ध ३

ती. दादांचे सेवेशी श्रीपादाचा सा. न. वि. वि.

आपण रागवाल. रागवावे.

परवा परीक्षा झाली. मुली गणितात अडखळल्या. डिपुटीसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिले. माझी वर्षाची मेहनत पाण्यात जाताना दिसली आणि मी तो कागद काढला. जाळला नव्हता. नावे गाळली. अर्धाच वाचणार होतो, पण साहेब पुढे वाचा म्हणाले. शेवटच्या वाक्याला सगळी मंडळी हसली. सर्वांत मोठ्याने भाऊसाहेब हसले. साहेबांनी विचारले की हे कोणी लिहिले, तर गोदू आपणहून उभी राहिली. केवढी खूश होती! तिला खण मिळाला. माझी नोकरी कायम करावी अशी शिफारस साहेबांनी तिथेच लिहिली. भाऊसाहेबांनी लेकीची आठवण म्हणून कागद मागितला. मी दिला.

काल गोदू आली नाही. घरोघरी जाऊन मुलींना शाळेत आणणारी आमची कलावतीबाई सांगत होती की उत्तराबाईंना कोठीत कोंडले आहे. उजव्या हाताच्या बोटांवर तापलेली पळी ठेवली, पुन्हा लेखणी धरता येऊ नये म्हणून. पळी धरली भाऊसाहेबांनी, आणि आत्याचे मनगट धरायला गोदूला बसवले.

काय करू ते सांगावे.

श्रीपाद

ठाणे, फाल्गुन शुद्ध ६

चि. श्रीपादास आ.

रागवायला पुढे आयुष्य पडले आहे. होळीला नऊ दिवस आहेत. त्या मामांना काही कळता कामा नये, असाच भाऊसाहेबांचा बेत असणार. मामांचे नाव व ठिकाण शोधून उलट टपाली कळव. मी रजा काढून शिळगावच्या वाटेने पनवेलीस स्वतः जातो. तुझे नाव कोठे येणार नाही. एवढे एक काम कर.

त्र्यंबक

कल्याण, फाल्गुन वद्य ७

ती. दादांस श्रीपादाचा नमस्कार.

आपले पत्र वेळेत मिळाले होते. त्याच दिवशी भाऊसाहेबांचे बोलावणे आले. पन्हे दिले. माझी शिफारस कमिटीपुढे आहे म्हणाले. गोदू कागद-लेखणी घेऊन पाटावर बसली होती. मी शाळेत घेतो तोच धडा तिच्याकडून घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. आत्याच्या मनात शिरायचे आणि मामांना लिहायचे की माझा विचार बदलला, मी येथे सुखी आहे, गाडी आणू नये.

गोदूने मला विचारले की हे खरे म्हणून लिहायचे की धडा म्हणून. मी म्हणालो, धडा म्हणून. कोठीच्या दारावर आतून एकसारख्या थापा पडत होत्या. भाऊसाहेबांनी लिहिणे चालू ठेवण्यास सांगितले. तिने लिहिले. मी तपासले. पाकिटावर पत्ता मीच घातला. मामांचे नाव व ठिकाण तेव्हाच कळले. होळीला सात दिवस होते. आपल्याला कळवले नाही.

मामा आले नाहीत. त्यांचे उत्तर आले. तुझे मन रमले हे वाचून समाधान झाले, आता कधी बोलावणार नाही, असे त्यात आहे. भाऊसाहेबांनी ते कोठीच्या दाराशी उभे राहून मोठ्याने वाचले. तेव्हापासून थापा थांबल्या, असे कलावतीबाई सांगते. ताट जसेच्या तसे परत येते.

गोदूचे नाव पटावरून कमी झाले. वैशाखात तिचे लग्न आहे. माझा कायम झाल्याचा हुकूम काल हाती आला.

माया ठेवा असे कोणत्या तोंडाने लिहू? पण गोदूचे ते पत्र कसे होते हे आपल्याशिवाय कोणाला सांगणार? दादा, शाळेत तिने इतके चांगले कधी लिहिले नव्हते. मामांच्या जागी मी असतो, तर मीही गाडी जुंपली नसती.

श्रीपाद