उरलेला अर्धा पाव

लाडके डॅफ्नी,

"ताई, भावोजी गेले, आता त्या फ्रेंच खेड्यात एकटी काय करतेस? इंग्लंडला ये," असं तू दर फोनला म्हणतेस.

अगं, इथला लांबलचक पाव मला एकटीला संपेना, म्हणून बेकरीत अर्धाच मागितला. उरलेला शेजारच्या ओनोरेने घेतला. बायको गेल्यापासून त्यालाही अख्खा पाव संपत नसे, अर्धा कोंबड्यांनाच घालायचा. आता हे रोजचंच झालंय. मला उशीर झाला की दारात येऊन ओरडतो, "ओ इंग्रजबाई, उठा! माझी न्याहारी अडलीय!"

सूपबरोबरच्या पावाला मी लोणी लावते म्हणून मेला नेहमी चिडवतो. काल मला ताप होता, तर स्वतः सूप घेऊन आला. नाक मुरडत, पण पावाला लोणी लावून.

हे पत्र काही मी पाठवणार नाही. फोनवर दुखऱ्या गुडघ्यांचंच कारण सांगेन. पण मी तिकडे आले, तर त्याचा अर्धा पाव पुन्हा कोंबड्यांपुढे जाईल गं.

तुझी हट्टी ताई,
म्यूरिएल