कागद दिलास का?

श्री

मुंबई, ता. ९ एप्रिल १९५६

तीर्थस्वरूप गं. भा. सगुणाताईच्या चरणी मुरारीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे कार्ड पावले. मी महिन्यात एकच पत्र लिहितो म्हणून तू मला आळशी म्हटले आहेस. ते खरे आहे, पण तुझ्या कार्डावर पत्त्याच्या बाजूलाही मजकूर असतो, त्यामुळे पोस्टमनला पत्ता शोधावा लागतो, हेही खरे आहे.

आता कामाचे. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवतात तसले माहितीपट आमची कंपनी काढते, हे तुला ठाऊक आहेच. आजवर भातलावणी झाली, देवीची लस झाली. या वेळी विषय मोठा आहे. खुनाबद्दल फाशी द्यावी का? दिग्दर्शक म्हणून प्रथमच माझे नाव पडद्यावर येईल.

मी साहेबांना आपल्या घरचीच गोष्ट सांगितली. गेल्या चैत्रात यात्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीवरून धर्माजीचे आणि ज्योतीराम दाजींचे भांडण झाले, आणि संध्याकाळी ओढ्यापाशी धर्माजीने दाजींवर कुऱ्हाड घातली. हायकोर्टाने फाशी कायम केली. आता दयेचा अर्ज तेवढा सरकारपुढे आहे. इकडे तू, दाजींची बायको, आणि समोरच्या घरात धर्माजीची आई पुतळाबाई. साहेब म्हणाले की असे कुठे सापडणार? ताई, कॅमेऱ्यापुढे तुझ्या मनात असेल तेच बोल. पण नाही म्हणू नकोस.

धाकट्यावर माया आहे तशीच राहो.

तुझा,
मुरारी

---

चिखली, ता. १६ एप्रिल १९५६

चि. मुरारी यास सगुणाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र चुलीत घालणार होते. असे कुठे सापडणार म्हणे! आम्ही काय ओढ्यातले खेकडे आहोत सापडायला?

मनातलं बोल म्हणतोस तर ऐक. धर्माजीला फाशी व्हावी. मालकांना घरी आणलं तेव्हा तू मुंबईत होतास, मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. आमच्या दोन घरांत बारा वर्षं विस्तव जात-येत होता. जिची चूल आधी पेटेल तिच्याकडून दुसरीनं गोवरीवर निखारा न्यायचा, काडीपेटी ओढायची गरजच नसायची. त्या दिवसापासून ते बंद झालं. पुतळाबाई दारात दिसली की मी दार लावते. तुझ्या साहेबांच्या घरातलं कोणी कुऱ्हाडीनं तुटलं आहे का, ते विचारून कळव, मग दयेचं बोलू.

वेळेवर जेवत जा. मागच्या खेपेला तुझ्या गळ्याची हाडं मोजता येत होती.

तुझी ताई,
सगुणा

---

चिखली, ता. ६ मे १९५६

चि. मुरारी यास अनेक आशीर्वाद.

काल सकाळी पुतळाबाई गोवरी घेऊन दारात आली. इस्तू हाय का, एवढंच म्हणाली. मी दार लावायलाच उठले होते. पण वळले, आणि चुलीतला निखारा काढून तिच्या गोवरीवर ठेवला. का ठेवला ते विचारू नकोस. मग ती उंबऱ्याशीच बसली आणि म्हणाली की लेकानं केलं ते केलंच, मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्या दुपारी त्यो तुमच्या घरी माफी मागाया आला व्हता, एवढं तरी त्यो खरं बोलला का ते सांग, मग त्येला जायाचं तिथं जाऊ दे.

मुरारी, तो खरं बोलला होता.

दुपारी धर्माजी आला आणि त्यानं पागोटं काढून मालकांच्या पायांवर ठेवलं. मालकांनी ते लाथेनं उडवलं आणि पायताण काढून त्याला तोंडावर मारलं. सात-आठ वेळा मारलं. तो हात न उचलता उभा होता. ओसरीवर माझ्याखेरीज कोणी नव्हतं. कोर्टात वकिलानं मला विचारलं की धर्माजी घरी आला होता का, तर मी शपथेवर नाही म्हणाले. मेलेल्या नवऱ्याची अब्रू राखली, असं मला वाटलं. जज्जसाहेबांनी निकालात लिहिलं की माफीची गोष्ट बनावट आहे, आरोपीनं थंड डोक्यानं जीव घेतला. ते त्यांनी माझ्या जबानीवर लिहिलं.

खून तो खूनच. धर्माजी माझ्या डोळ्यांसमोर आला तर आजही मला पाणी देववणार नाही. पण माझ्या खोट्यावर त्याचा जीव जायला नको. सगळं कागदावर लिहून सही करते. खोट्या साक्षीबद्दल मला आत घातलं तर घालू देत. कागद कुठं आणि कुणाच्या नावानं धाडायचा, ते उलट टपाली कळव.

तुझी ताई

---

मुंबई, ता. १० मे १९५६

ती. गं. भा. ताईस मुरारीचा साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र वाचून मी खोलीत एकटा रडलो. एवढे धैर्य माझ्यात नाही.

मात्र कागद टपालाने धाडू नकोस. तिकडे कागदांचे डोंगर असतात, त्यात तो कुठे जाईल कळणार नाही. वीस तारखेला मी कॅमेरा घेऊन येतोच आहे. तेव्हाच तो आमच्यासमोर लिही. सचिवालय आमच्या कचेरीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मी स्वतः हातोहात देईन.

पुतळाबाईला विस्तवासाठी पुन्हा एकदा यायला सांगशील ना? आणि गोवरी जरा ओलसर ठेव. धूर असल्याखेरीज निखारा पडद्यावर कळत नाही.

तुझा,
मुरारी

---

चिखली, ता. १ जून १९५६

चि. मुरारी यास आशीर्वाद.

तुम्ही गेल्याला अकरा दिवस झाले. तुझं एक अक्षर नाही.

त्या दिवशी तू पुतळाबाईला चार वेळा उंबरा चढायला लावलास. एकदा तिचा पदर घसरला म्हणून, एकदा ढग आला म्हणून, एकदा तिनं कॅमेऱ्याच्या पेटीकडं बघितलं म्हणून. चौथ्या वेळी ती रडली आणि तुझे साहेब खूश झाले. मी काही बोलले नाही, कारण तू कागद नेणार होतास.

कागद दिलास का? पुतळाबाई रोज विचारते आणि मी सांगते की माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे. फाशीची तारीख अजून आलेली नाही. उलट टपाली कळव.

सगुणा

---

तार. चिंचवड, ता. ६ जून १९५६

फाशी आठ तारखेला. कागद दिलास का. सगुणा.

---

मुंबई, ता. १० जून १९५६

ती. गं. भा. ताईस मुरारीचा नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा फाडले.

कागद मी वेळेवर दिला नाही. तुझ्या सहीचा अगदी जवळून घेतलेला शॉट धुतल्यावर काळा निघाला. फिल्म त्या सहीवरच संपायची आहे. साहेब म्हणाले की स्टुडिओत पुन्हा घेऊ, अक्षर तिचेच हवे, नक्कल चालणार नाही. स्टुडिओ मोकळा मिळेना. तुझे पत्र आले तेव्हा तारीख लागलेली नव्हती, म्हणून आणखी चार दिवसांनी काय बिघडते, असे मला वाटले. पाच तारखेला शॉट झाला. सहाला मी दिवसभर तो धुऊन येण्याची वाट पाहत होतो, पुन्हा बिघडला असता तर कागद लागला असता म्हणून. सातला सकाळी तुझी तार हातात पडली आणि मी धावत सुटलो. तिथल्या कारकुनाने कागद घेऊन मला पोच दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे संपले.

तुझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होईल, ही काळजीही माझ्या मनात होती, ताई. आणि कागद आधी पोचला असता तरी सरकारने ऐकलेच असते, असे कोण सांगेल? फिल्म मात्र चांगली झाली आहे. ती पाहून पुढे कित्येकांचे गळे सुटतील. मला क्षमा कर.

मुरारी

---

चिखली, ता. १८ जून १९५६

मुरारी यास,

वर आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

सात तारखेला लालमहंमद टांगेवाल्यानं पुतळाबाईला येरवड्याला शेवटच्या भेटीला नेलं. धर्माजीनं तिला पहिलं हेच विचारलं की सगुणावहिनीचा कागद गेला का. ती म्हणाली की कवाच गेला, तिचा भाऊच घेऊन गेलाय, मोठ्या लोकांत बसतो-उठतो त्यो. दोन दिवस उपाशी होता, तेवढं ऐकून त्यानं भाकरी खाल्ली.

माझ्यावर खटला होईल अशी काळजी होती, तर कागद मला परत धाडायचा होतास. मी तो दुसऱ्या हातानं पाठवला असता, नाहीतर स्वतः मुंबईला आले असते. ही सबब तुला मागाहून सुचली आहे. सरकारनं ऐकलं नसतं म्हणतोस. नसतंही ऐकलं. मग मी म्हटलं असतं की सरकारनं त्याला मारलं. आता मला तसं म्हणता येत नाही. वर्षभर मला ती फाशी हवी होती. ती नको व्हायला मला किती जड गेलं, ते तू समोर उभं राहून पाहिलंस, तुझ्या पेटीत भरूनही नेलंस. आणि तरी ती फाशी माझ्याच पदरात घातलीस. पुढच्या कित्येकांचं तू बघ. मी एकासाठी लिहिलं होतं.

पुतळाबाईला मी सांगितलं आहे की कागद वेळेवर पोचला, सरकारनंच मानला नाही. एकदा नवऱ्यासाठी खोटं बोलले, आता भावासाठी बोलले. दुसऱ्या वेळी शपथ नव्हती, पण जड हेच गेलं. तिला खरं कळलं तर ती तुला शिव्या देईल, याची मला भीती नाही. तिच्याजवळ आता एवढंच उरलंय की आपल्या लेकासाठी कोणीतरी धावलं, तेही काढून घ्यावं असं मला वाटेना.

तुझी फिल्म पुण्याच्या थेटरात कधी लागणार, असं ती विचारते. तिला बघायला जायचं आहे. काल तिनं घरच्या कुरडया आणून दिल्या, तुला धाडायला. म्हणाली की पोर उन्हातान्हात उभं ऱ्हाऊन आमच्यासाठी राबलं, मी त्येला काय देणार. तू तिला चार वेळा उंबरा चढायला लावलंस, ते ती विसरली आहे.

कुरडया सोबत धाडल्या आहेत. परत पाठवू नकोस, तिला काय सांगू? तूच खा.

सगुणा